कोलशेत ते मुलुंड : बंडानंतरचे नाविक

मुलुंड चेकनाका ओलांडून जुन्या आग्रा रस्त्याने ठाण्यात शिरले की डाव्या हाताला वागळे इस्टेट लागते. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्या औद्योगिक वसाहतीत इथे शेड उभ्या राहिल्या. ठाण्याच्या या भागाचा इतिहास बहुधा त्या सालापासूनच सांगितला जातो: कारखाने, कामगार, संप, मग बंद पडलेले कारखाने आणि त्या जागी आलेल्या काचेच्या इमारती. पण त्याच्या सोळा वर्षे आधीची एक गोष्ट या वसाहतीच्या दोन्ही अंगांना घडलेली आहे. उत्तरेला खाडीच्या बाजूला कोलशेत, दक्षिणेला मुलुंड. कोलशेतला रॉयल इंडियन नेव्हीचा ‘अकबर’ हा किनाऱ्यावरचा तळ होता. नावाआधी एच.एम.आय.एस. लागत असले तरी ते जहाज नव्हते; नौदलात नव्याने भरती झालेल्या पोरांना तिथे कवायत, शिस्त आणि दर्यावर्दी कामाचे पहिले धडे मिळत. मुलुंडला लष्करी छावणी होती. फेब्रुवारी १९४६ च्या नाविकांच्या बंडात ‘अकबर’चे नाव संपात उतरलेल्या तळांमध्ये येते आणि बंड मोडल्यावर पकडलेल्या नाविकांना ठेवले गेले ते मुलुंडच्या छावणीत.

बंडाचे पाच दिवस मराठीत पुष्कळदा लिहिले गेले आहेत. मला रस आहे तो सहाव्या दिवसापासून पुढे. गणवेश उतरवलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे कागदांतून किती उभे करता येते ते पाहायचे आहे.

कागद चार प्रकारचे आहेत. पहिला, सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल. दुसरा, संपकऱ्यांनी स्वतः लिहून दिलेल्या मागण्या. तिसरा, त्या आठवड्यातली वर्तमानपत्रे आणि मध्यवर्ती कायदेमंडळातली चर्चा. चौथा, बंडातल्या माणसांनी पुढे लिहिलेल्या आठवणी. त्यांतले महत्त्वाचे पुस्तक बलाईचंद दत्त यांचे, ‘म्युटिनी ऑफ द इनोसंट्स’, प्रसिद्ध झाले १९७१ साली. म्हणजे पंचवीस वर्षांनी. आयोगाला शिस्त का मोडली याचे उत्तर हवे होते आणि दत्तांना आपण काय केले हे सांगायचे होते. दोघांचा हेतू वेगळा असल्याने, ज्या ठिकाणी दोघे एकच गोष्ट सांगतात ती पक्की धरायला हरकत नाही.

असे हे नाविक होते कोण? युद्धापूर्वीचे हिंदी नौदल अगदी लहान, दीड-दोन हजारांचे, आणि त्यात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान दर्यावर्दी कुटुंबांतली माणसे मोठ्या संख्येने. युद्धात हे नौदल पंचवीस-तीस हजारांच्या घरात गेले. पंजाब, बंगाल, मद्रास, सगळीकडून पोरे आली. बरीचशी शिकलेली होती, कारण बिनतारी संदेश आणि रडार चालवायला इंग्रजी वाचता येणारी माणसे लागत. भरतीच्या वेळी चांगला पगार, हुद्दा आणि युद्धानंतरचे भविष्य दाखवले गेले. १९४५च्या ऑगस्टमध्ये युद्ध संपले आणि हीच पोरे सरकारला जास्त वाटू लागली.

घटनाक्रम थोडक्यात असा. कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशवहन शाळेत १ डिसेंबर १९४५च्या नौदल दिनाच्या सुमारास भिंतींवर घोषणा रंगवल्या गेल्या. २ फेब्रुवारीला सरसेनापती ऑकिनलेक यांच्या भेटीच्या वेळी दत्त पकडले गेले. ‘तलवार’चे प्रमुख कमांडर किंग यांनी नाविकांना उद्देशून घाणेरडी शिवीगाळ केली, तिची तक्रार लेखी गेली, पण कारवाई झाली नाही. १८ फेब्रुवारीला सकाळी नाविकांनी न्याहारी नाकारली. दुसऱ्या दिवशी संप मुंबईच्या गोदीतल्या जहाजांवर आणि बाहेरच्या तळांवर पसरला. एम. एस. खान अध्यक्ष आणि मदनसिंग उपाध्यक्ष अशी मध्यवर्ती संप समिती झाली. पुढे कराचीपासून कलकत्त्यापर्यंत मिळून सत्तरहून अधिक जहाजे, वीसच्या आसपास किनारी तळ आणि सुमारे वीस हजार नाविक त्यात होते. त्यांच्या पाठीशी मुंबईतला कामगार रस्त्यावर आला. गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. परळला कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे याच गोळीबारात गेल्या.

संपकऱ्यांच्या मागण्यांचा कागद मात्र सावकाश वाचण्यासारखा आहे. वरच्या ओळी राजकीय आहेत: राजबंद्यांना सोडा, आझाद हिंद सेनेच्या लोकांना सोडा, इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलवा. इतिहासाच्या पुस्तकांत याच ओळी येतात. खाली उतरत गेले की सूर बदलतो. ब्रिटिश नाविकांइतका पगार आणि कुटुंबभत्ता. बरे हिंदी जेवण. अधिकाऱ्यांनी माणसासारखे वागवावे. लवकर सेवामुक्ती. आणि त्यात एक मागणी अशी: सेवामुक्त होताना आम्हाला दिलेले कपडे परत घेऊ नयेत.

ही मागणी कोणत्याही राजकीय पक्षाने सुचवलेली असणे शक्य नाही. ती बराकीतूनच आलेली आहे. त्या काळात कापडावर नियंत्रण होते, साधे धोतर-सदऱ्याचे कापड मिळायची मारामार. चार-पाच वर्षे नोकरी केलेला माणूस गावी जायला निघतो तेव्हा त्याच्या पेटीतला सरकारी शर्ट, बूट, जर्सी हीच त्याची पुंजी. तीही जमा करून घ्यायची, म्हणजे माणसाला आला तसा, किंबहुना आला त्याहून गरीब करून परत पाठवायचे. ज्यांनी ही ओळ लिहिली त्यांना ब्रिटिश साम्राज्य तर हटवायचे होतेच. पण पुढच्या महिन्यात आपण अंगात काय घालणार, याचीही धास्ती होती. माझ्या मते या बंडाचे सर्वांत खरे साधन ही एक ओळ आहे. युद्धावरून परतणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललेले असते, ते तिच्यात उघडे पडते.

एका प्रसंगाबद्दल साधनांमध्ये मेळ नाही. २१ फेब्रुवारीला मुंबईत नौदलाच्या कॅसल बराकींभोवती पहारा होता तो मराठा पलटणीचा. तिथे गोळीबार झाला आणि नंतर ब्रिटिश सैनिक आणले गेले, एवढे निश्चित. मराठ्यांनी हिंदी नाविकांवर गोळी झाडायला नकार दिला, असे बंडाच्या बाजूचे लोक अभिमानाने सांगत आले; अधिकृत बाजू ते मान्य करत नाही. आपल्याला आवडणारी हकीगत आहे म्हणून ती खरी मानू नये. पहारा बदलला गेला, याचा अर्थ अधिकाऱ्यांना त्या पहाऱ्याची पुरती खात्री वाटत नव्हती, इतपत निष्कर्ष काढता येतो. त्याच्या पुढे जायला मी तयार नाही.

वल्लभभाई पटेलांनी शरण जाण्याचा सल्ला दिला आणि कुणाचा छळ होऊ नये यासाठी काँग्रेस शक्य ते सारे करील असे आश्वासन दिले. जिनांचाही सल्ला तोच होता. २३ फेब्रुवारीच्या पहाटे संप समितीने शरणागती जाहीर केली आणि आपण ब्रिटनला नव्हे, हिंदुस्थानला शरण जात आहोत, असे आपल्या अखेरच्या निवेदनात नोंदवून ठेवले. त्यानंतर धरपकड सुरू झाली. शेकडो नाविक मुलुंडच्या छावणीत कोंडले गेले. पुढे वर्ष-दीड वर्षात फाळणी झाली आणि त्याच छावणीत सिंधहून आलेल्या निर्वासितांची बिऱ्हाडे लागली. आज मुलुंड कॉलनी म्हणतात ती वस्ती तेव्हाची. निर्वासितांची आठवण तिथे राहिली, कारण ती माणसे तिथेच राहिली. नाविकांना गाडीत घालून आपापल्या प्रांतात पाठवले गेले आणि त्यांची आठवणही त्यांच्याबरोबर पांगली.

चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती फजल अली आणि सदस्यांत होते न्यायमूर्ती मेहरचंद महाजन. मराठी वाचकाला ही दोन्ही नावे वेगळ्या कारणाने पाठ आहेत: एक राज्य पुनर्रचना आयोगामुळे, दुसरे बेळगावच्या सीमाप्रश्नामुळे. या आयोगाचा निष्कर्ष सरकारला सोयीचा नव्हता, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. बंडाचे मूळ त्यांनी बाहेरच्या चिथावणीत शोधले नाही. बराच काळ दाद न लागलेल्या नोकरीतल्या तक्रारींमुळे असंतोष सर्वदूर पसरला होता आणि राजकीय वातावरणाने तो भडकला, असे त्यांचे म्हणणे. जेवण, पगारातला फरक, गोऱ्या अधिकाऱ्यांची वागणूक, सेवामुक्तीनंतर काय ही चिंता, सगळे त्यात नोंदले आहे. म्हणजे नाविकांचे म्हणणे सरकारी शिक्क्यानिशी खरे ठरले. नोकऱ्या मात्र गेल्याच. ४७६ जणांना नौदलातून काढण्यात आले.

नोकरीतून काढलेल्या शिपायाचे पुढचे आयुष्य त्याच्या हातातल्या एका कागदावर ठरे. युद्धावरून परतणाऱ्यांना काम मिळावे म्हणून जुलै १९४५ मध्ये सरकारने पुनर्वसन आणि सेवायोजनाचे खाते काढले. आपल्याकडची एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज कचेरी त्यातूनच आली. पुढे वागळे इस्टेटमध्ये फिटर-टर्नरच्या जागेसाठी ज्या कार्डाचे नूतनीकरण करत पोरे वर्षानुवर्षे थांबली, त्या कार्डाचा जन्म सैनिकांसाठी झाला होता. सन्मानाने सुटलेल्या सैनिकाला ती खिडकी उघडी होती. शिस्तभंगाचा शेरा घेऊन बाहेर पडलेल्याने तिथे काय दाखवायचे? स्वातंत्र्य आल्यावर तरी शेरा पुसला जायला हवा होता. तो पुसला गेला नाही. भारताने या नाविकांना नौदलात परत घेतले नाही, पाकिस्ताननेही घेतले नाही. आझाद हिंद सेनेच्या माणसांच्या वाट्याला लष्कराबाबत हेच आले. शिस्तीचा प्रश्न होता, असे समर्थन केले जाते. नव्या देशाच्या नौदलाला शिस्त हवी होती हे मान्य. पण परत सेवेत घेणे आणि शेरा पुसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी करायला कुणाची आडकाठी होती, असे मला वाटत नाही.

याच काळात ब्रिटनमध्ये काय चालले होते हे शेजारी ठेवून पाहावे. युद्धकैदेतून परतलेल्या सैनिकांसाठी तिथल्या लष्करी मानसोपचारतज्ज्ञांनी १९४५ पासून नागरी पुनर्वसन केंद्रे उघडली. अशी वीस केंद्रे झाली. माणसाने काही आठवडे तिथे राहायचे, कारखाने पाहून यायचे, बायको-मुलांशी पुन्हा जमवून घ्यायचे, डॉक्टरशी बोलायचे. आणि हे सगळे स्वखुशीने. आपल्याकडे आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात हिशेब आहे तो असा: साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी दहा हजारांहून थोड्या जास्त खाटा, म्हणजे सुमारे चाळीस हजार लोकांमागे एक. इंग्लंडमध्ये तीनशे लोकांमागे एक. त्या थोड्या खाटांपैकी काही ठाण्याच्या मनोरुग्णालयात होत्या. १९०१ सालचे हे रुग्णालय वागळे इस्टेटच्या समोर, हमरस्त्यापलीकडे रेल्वेच्या बाजूला आजही आहे. कोलशेतहून मुलुंडला जाणारी वाट त्याच्या जवळूनच जाते. वेड लागलेल्यासाठी भिंतींच्या आत जागा होती. अपमान गिळून, नोकरी गमावून, झोप उडालेल्या शहाण्या माणसासाठी कुठेच नव्हती. सैनिकांसाठी दूरध्वनीवरून समुपदेशन करणारा ‘टेलि-मानस’चा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला तो २०२३ मध्ये.

आठवण ठेवण्याचे काम आधी कलावंतांनी केले. उत्पल दत्त यांनी १९६५ साली कलकत्त्यात या बंडावरचे ‘कल्लोळ’ हे नाटक रंगमंचावर आणले, आणि त्याच वर्षी त्यांना तुरुंगातही जावे लागले. बलाईचंद दत्त पत्रकारितेत गेले आणि ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये त्यांनी काम केले, लिहिता येत होते म्हणून त्यांची बाजू आपल्यापर्यंत आली. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतन योजनेत नाविकांचे बंड मान्य आंदोलनांच्या यादीत आले, पण तिथेही पुन्हा पुराव्याचे कागद लागत, तुरुंगवासाची मुदत दाखवावी लागे. ज्याला एका कागदाने बडतर्फ केले त्याने त्याच कागदावर सन्मान मागायचा, असा तो प्रकार होता. नौदलाने आपल्या दोन टगबोटींना मदनसिंग आणि बी. सी. (बलाईचंद) दत्त यांची नावे दिली. २००१ मध्ये कुलाब्यात स्मारक झाले. २०२२च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या संचलनात नौदलाच्या चित्ररथावर १९४६ चा उठाव आला. तोवर शहात्तर वर्षे गेली होती. वीस वर्षांचा नाविक तेव्हा हयात असता तर शहाण्णव वर्षांचा असता.

कोकणातून ठाण्यात, वागळे इस्टेटच्या चाळींत, कळव्यात, डोंबिवलीत येऊन राहिलेल्या घरांपैकी काहींत आजोबांची ‘नेव्हीची पेटी’ अजून माळ्यावर असेल. तिच्यात सेवापुस्तिका असेल, सुटकेचा कागद असेल, छावणीतून आलेले पोस्टकार्ड असेल. शेरा वाईट आहे म्हणून घरच्यांनी तो लपवून ठेवला असेल, तर आता लपवायचे कारण उरलेले नाही. घर बदलताना, इमारत पुनर्विकासाला जाताना, ती पेटी भंगारात देऊ नका. कागदाची छायाप्रत काढा, आजोबा कुठल्या तळावर होते आणि घरी काय सांगत ते शेजारी लिहून ठेवा, आणि मूळ कागद मुंबईच्या राज्य पुराभिलेखागाराला किंवा निदान आपल्या गावच्या ग्रंथालयाला दाखवा. आयोगाचा अहवाल सरकारने जपला आहे. नाविकांच्या बाजूचे कागद जपायचे तर ते आता घरच्यांनाच करावे लागेल.