कामकऱ्याच्या घराची खिडकी

नवे घर बांधायला निघालेला माणूस प्रथम कागदावर चौकोन आखतो. हा दिवाणखाना, ही निजायची खोली, हे स्वयंपाकघर. चौकोन भरून झाले म्हणजे उरलेल्या भिंतीत खिडक्या बसवायच्या, अशी आजची चाल आहे. ही चाल उलटी आहे, असे आमचे नम्र मत आहे. आधी ऊन आणि वारा कोठून येतो ते पाहावे, उघडी जागा सोडावी आणि मग खोल्या आखाव्यात. हे मत आमच्या पदरचे नाही, ते इतिहासाने शिकवलेले आहे. तो इतिहासच आज श्रोत्यांपुढे ठेवायचा आहे.

आपल्या जिल्ह्यातच पाहा. वेरूळचे दहाव्या क्रमांकाचे, ज्याला विश्वकर्मा म्हणतात ते लेणे सुमारे तेराशे वर्षांपूर्वी खोदले गेले. डोंगराच्या पोटात काळोख असणारच. म्हणून खोदणाऱ्यांनी दर्शनी भागात, दाराच्या वरच्या अंगाला मोठी खिडकी ठेवली. तिच्यातून आलेला उजेड थेट आत, स्तूपापुढील बुद्धमूर्तीकडे जातो. खडक वरून खाली खोदत न्यायचा असतो. खिडकी नंतर सुचून भागत नाही. उलट देवगिरीच्या किल्ल्यावरची 'अंधारी' पाहा. तेथे मुद्दाम काळोख केला आहे, कारण शत्रूला चाचपडायला लावायचे होते. अंधार हेसुद्धा हत्यार आहे हे जुन्या लोकांना ठाऊक होते. ते त्यांनी शत्रूसाठी राखून ठेवले, घरच्या माणसांसाठी नव्हे.

घरांचे म्हणाल, तर वाड्याच्या मधोमध चौक असे. भोवती ओसरी, पलीकडे माजघर. बाहेरच्या भिंती जाड आणि जवळजवळ बिनखिडक्यांच्या. उजेड-वारा सारा चौकातून. मराठवाड्यातल्या गरिबाच्या धाब्याच्या घरालाही माळवदात साणे ठेवलेले असे. त्या भोकातून चुलीचा धूर वर जाई आणि कवडसा खाली येई. आम्हांला जुन्याचे गोडवे गायचे नाहीत. त्या वाड्यातले माजघर अंधारे होते, त्यातल्या बायकांचे आयुष्य त्याहून अंधारे होते, आणि चौकात पाऊल टाकण्याची मुभा सर्व जातींना नव्हती. पण घराला आकाशाचा एक तुकडा लागतो, एवढे ज्ञान त्या बांधणीत होते.

ते ज्ञान मोडले ते गिरण्यांच्या मुंबईत. माणसे गावातून आली आणि खोली ही राहण्याची वस्तू न राहता भाड्याची वस्तू झाली. जितक्या खोल्या अधिक तितके भाडे अधिक, म्हणून दोन इमारतींमध्ये जेमतेम भंगी-बोळ उरला. 'भंगी' हा शब्द आम्ही उच्चारतो तो त्या काळाची लाज म्हणून. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकार जागे झाले आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो हे पुढे ठरले; अंधाऱ्या खोलीचे खरे नाते निघाले ते क्षयाशी. सूर्यप्रकाशात क्षयाचे जंतू मरतात, हे रॉबर्ट कॉख यांनी १८९० साली सांगून ठेवले होते.

या ट्रस्टने एक नियम धरला, तो प्रत्येक घर बांधणाराने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. खोलीवर पडणारा उजेड साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात अडता कामा नये. अंशांना भिण्याचे कारण नाही. साध्या भाषेत त्याचा अर्थ असा की, समोरच्या भिंतीची उंची मधल्या उघड्या जागेच्या दुपटीहून जास्त नसावी. भिंत वीस फूट तर अंतर दहा फूट. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईत उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिले. म्हणजे खिडकीवर व्याख्यान देणारे आम्ही काही पहिले नव्हेत!

नियम झाला, पण कामकऱ्याच्या पदरात काय पडले? १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे चाळी बांधल्या. याच त्या बी. डी. डी. चाळी. तळमजला व वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधोमध लांब अंधारा बोळ आणि खोली सुमारे १६० चौरस फुटांची. खिडकी एकाच अंगाला. वारा खेळायचा तर समोरच्या शेजाऱ्याचे दार उघडे हवे आणि त्याची खिडकीही उघडी हवी. शेजारधर्म त्या चाळींत मोठा होता, त्यातून मोठ्या चळवळी उभ्या राहिल्या, हे खरे. पण शेजाऱ्याने दार लावले की श्वास कोंडावा, ही काही घराची रचना नव्हे. आज त्या चाळी पाडून तेथे उंच इमारती उभ्या राहत आहेत.

आता एक हिशेब मांडू. १९४८ च्या कारखाने कायद्याने नव्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे ५०० घनफूट जागा ठरवली. तेराव्या कलमात हवा, सतराव्या कलमात उजेड. चाळीच्या खोलीची उंची दहा फूट धरली तरी ती १६०० घनफूट होते. पाच माणसांच्या कुटुंबात माणशी ३२० घनफूट आले. म्हणजे यंत्रापाशी आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाला कायद्याने जेवढी हवा दिली, तेवढी तोच माणूस घरी निजताना त्याला मिळत नव्हती. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा हिशेब ठरवला, त्यात अन्न-वस्त्राबरोबर घरभाडेही धरले, आणि ते सरकारच्या औद्योगिक गृहनिर्माण योजनेतील किमान क्षेत्रफळाच्या प्रमाणात धरले. आमच्या चळवळीच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. मात्र क्षेत्रफळ मोजले गेले, उजेड मोजायचा राहिला.

आणि ज्या कामाची कोणत्याच तपासनिसाने कधी पाहणी केली नाही, ते काम स्वयंपाकघरात चालते. घरातली बाई दिवसाचे कितीतरी तास तेथे उभी असते. तिच्या त्या कारखान्याला तेरावे कलम नाही आणि सतरावेही नाही. घराची मोठी खिडकी रस्त्याकडच्या खोलीला मिळते, जेथे पाहुणा महिन्यातून एकदा बसतो. स्वयंपाकघर पडते सर्वांत आतल्या कोपऱ्यात.

आपले शहर पाहा. मलिक अंबराने १६१० साली खडकी येथे नगर वसवले ते पाण्याच्या नहरी आखून. माणसाच्या गरजेची वस्तू आधी, वस्ती नंतर, हा क्रम येथे नवा नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकलठाणा, वाळूज येथे कारखाने आले, सिडकोने लहान लहान घरांच्या वसाहती वसवल्या, आणि गावाकडून आलेला शेतकऱ्याचा मुलगा कर्ज काढून घरमालक झाला. त्याचा आम्हांला आनंद आहे. पण हप्ता फेडायचा म्हणून तो मागचे अंगण बुजवतो आणि तेथे पत्र्याच्या खोल्या काढून कंत्राटी कामगारांना भाड्याने देतो. त्या खोल्यांना दार असते, खिडकी नसते; आणि त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघराची खिडकीही त्यांच्यामागे बुजते. मुंबईच्या चाळमालकाने जे केले, तेच आपला माणूस आपल्या भावाशी व बायकोशी करतो. त्याला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. पगार पुरता तर तो असे करता ना. तरीही हे थांबले पाहिजे.

मग काय करावे? आपले शहर सुमारे वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारचे ऊन दक्षिणेकडून तिरपे येते, एप्रिल-मेमध्ये ते जवळजवळ डोक्यावर असते. म्हणून दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर दीड फुटाचा छज्जा काढला, तर हिवाळ्यात दुपारी खालच्या अडीच फुटांतून ऊन आत येते आणि एप्रिलच्या दुपारी मुळीच येत नाही. पश्चिमेचे ऊन खालून येते, त्याला छज्जा पुरत नाही. त्या बाजूला जिना, न्हाणीघर, अडगळीची खोली घालावी. खिडक्या उंचावर व लहान ठेवाव्यात, म्हणजे पावसाळ्याचा पश्चिमेचा वाराही हाती लागतो. आलेल्या वाऱ्याला समोरच्या भिंतीत वाट हवी. एकच खिडकी म्हणजे एका तोंडाची पिशवी. राष्ट्रीय इमारत संहितेने उष्ण व कोरड्या हवेच्या प्रदेशासाठी खोलीच्या क्षेत्रफळाचा निदान दहावा हिस्सा उघडझाप ठेवावी असे म्हटले आहे. दहा बाय बाराच्या खोलीला तीन बाय चारची एक खिडकी झाली की हा हिशेब पुरा होतो.

दोन्ही भिंती शेजाऱ्याशी जोडलेल्या असतील तर आत चौक सोडावा. वीस बाय तीसच्या प्लॉटवर सहा बाय आठचा चौक म्हणजे ६०० पैकी ४८ चौरस फूट. दहावा हिस्सादेखील नाही. दहा फुटांच्या एका मजल्याला तो ट्रस्टच्या नियमात बसतो. वर मजला चढवाल तेव्हा भिंत मागे घ्या, आणि चौकावर स्लॅब कधीही टाकू नका; चोराची भीती असेल तर जाळी बसवा. स्वयंपाकघर याच चौकाला किंवा बाहेरच्या हवेला लागून असावे. आग्नेय दिशेचा आग्रह धरणारांशी आमचे भांडण नाही. सकाळचे ऊन मिळते, दुपारचे टळते, हा त्यातला व्यवहार आम्हांला मान्य आहे. पण आग्नेय कोपरा भिंतींनी बंद असेल, तर दिशा सोडावी आणि खिडकी धरावी.

आणि भाड्याची खोली बांधणारच असाल, तर तिलाही खिडकी ठेवा. तिच्यात निजणारा रात्रपाळी करून आलेला असतो.