गाविलगडच्या गंडभेरुंडाची कुळकथा

चिखलदऱ्यालगतच्या गाविलगडावर शार्दूल दरवाजा, ज्याला दिल्ली दरवाजाही म्हणतात, त्याच्या दर्शनी भिंतीवर शार्दूल म्हणजे सिंहसदृश कल्पित पशू आणि गंडभेरुंड म्हणजे दोन डोक्यांचा कल्पित पक्षी कोरलेला आहे. हत्तींना जेरबंद करणारे हे प्राणी राजसत्तेच्या बळाचे चिन्ह असून, शत्रूने प्रवेशद्वाराशीच धाक घ्यावा या हेतूने अशी शिल्पे तेथे बसवीत.

दोन डोक्यांच्या पक्ष्याचे कूळ फार जुने आहे. अनातोलियातील हित्ती लोकांच्या शिल्पांत तो आढळतो, तक्षशिलेजवळच्या सिरकप येथील एका स्तूपाच्या जोत्यावरही तो कोरलेला आहे. कर्नाटकात बळ्ळिगावी येथे १०४७ मध्ये उभारलेल्या स्तंभावर मानवी देहाचा गंडभेरुंड आहे, आणि पुढे विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर त्याच्या चोचींत व नखांत हत्ती दिसतात.

इतिहासकार फिरिश्ताच्या मते गाविलगड १४२५ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशहा याने बांधला. १४८८ मध्ये त्याची डागडुजी करणारा वऱ्हाडचा सुभेदार फत्हुल्ला इमादुल्मुल्क याने १४९० मध्ये वऱ्हाडात इमादशाही हे स्वतंत्र राज्य स्थापले. फत्हुल्ला मूळचा विजयनगरकडील कानडी हिंदू; लहानपणी युद्धात पकडला जाऊन तो वऱ्हाडात मुसलमान म्हणून वाढला. म्हणूनच दरवाजावरच्या गंडभेरुंडात त्याच्या जन्मभूमीची खूण वाचली जाते. अच्युतरायाचे राज्य १५२९ नंतरचे असल्याने ही खूण त्याच्या नाण्यांवरून उचललेली मानता येत नाही. परंतु बळ्ळिगावीचा स्तंभ फत्हुल्लाच्या सुमारे साडेचार शतके आधीचा असल्याने कानडी मुलखात ही आकृती रुजलेली होती, हे त्या मताला बळ देते.

अशा चिन्हाचा अर्थ दगड आपल्या जागी असेपर्यंतच लागतो, कारण दरवाजा, तटबंदी, मशिदी आणि तलाव यांच्या संदर्भातच ते बोलते. जपानने १९७५ मध्ये कायदा दुरुस्त करून एकेका इमारतीबरोबरच पारंपरिक इमारतींचे समूह जपण्याची तरतूद केली आणि त्सुमागोसारखे जुने वाटवस्तीचे गाव अखंड राखले, ते याच जाणिवेने. गाविलगडाचेही जतन दरवाजापुरते न करता संपूर्ण गडाचे, पठारासह, व्हायला हवे. तरच वऱ्हाडच्या स्वतंत्र राज्याच्या जन्माचा हा पुरावा पुढील अभ्यासकांना वाचता येईल.