बर्फमुक्त बंदराची किंमत

पावसाळा लागला की होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून त्या पुन्हा दर्यात लोटायच्या, हा कोकणच्या दर्यावर्दींचा परंपरागत नियम आहे. वर्षातील काही काळ समुद्र बंद असणे म्हणजे काय, हे म्हणूनच मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. परंतु एखाद्या विशाल साम्राज्याची बहुतेक सारी बंदरे हिवाळ्यात बर्फाने जखडली जात असतील, तर त्या साम्राज्याचे राजकारण कोणत्या दिशेने वळेल? रशियाच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण या प्रश्नाभोवती उभे आहे.

१५८४ साली वसलेले अर्खांगेल्स्क हे दीर्घकाळ रशियाचे प्रमुख सागरी बंदर होते. पण ते वर्षातील जवळजवळ निम्मा काळ गोठलेले असे. पीटर द ग्रेटने स्वीडनशी दीर्घ युद्ध करून बाल्टिक समुद्राचा किनारा मिळवला आणि १७०३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग वसवले. तेथील आखातही हिवाळ्यात गोठते. पुढे कॅथरीनच्या काळात, १७८३ साली, क्रिमिया रशियाच्या ताब्यात आला आणि सेवास्तोपोलचे आरमारी बंदर उभे राहिले. हे बंदर बारमाही खुले होते. मात्र काळ्या समुद्रातून भूमध्य समुद्रात जाण्याची वाट बॉस्फरस आणि डार्डानेल्स या चिंचोळ्या सामुद्रधुन्यांतून, म्हणजे तुर्कांच्या उंबरठ्यावरून जात होती. घर आपले, पण वेशीची किल्ली शेजाऱ्याच्या कमरेला, अशी ही अवस्था होती. रशियाने तुर्कस्तानवर दडपण आणताच ब्रिटन आणि फ्रान्स तुर्कांच्या बाजूने उभे राहिले. त्यातून १८५३ ते १८५६ चे क्रिमियन युद्ध झाले आणि पॅरिसच्या तहाने रशियाला काळ्या समुद्रात आरमार ठेवण्यासही मनाई झाली.

या साऱ्याचा भारताशी थेट संबंध होता. रशिया मध्य आशियातून दक्षिणेकडे सरकत इराणच्या आखातापर्यंत पोहोचेल, ही धास्ती ब्रिटिश राज्यकर्त्यांच्या मनात कायम असे. जगावर आणि विशेषतः पूर्वेच्या संपत्तीवर ताबा मिळवा, असा उपदेश करणारे पीटरचे एक ‘मृत्युपत्र’ युरोपात वारंवार पुढे केले जात होते. नेपोलियनच्या स्वारीच्या वर्षी, १८१२ मध्ये, पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेला हा दस्तऐवज बनावट होता, हे इतिहासकारांनी पुढे सिद्ध केले. तरीही भीतीने आपले काम केले होते. मे १९०३ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री लॅन्सडाउन यांनी, आखातात कोणत्याही परकीय सत्तेने आरमारी तळ उभारल्यास त्याचा सर्व सामर्थ्यानिशी प्रतिकार केला जाईल, असे जाहीर केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी युद्धनौकांसह आखाताचा दौरा केला.

पश्चिमेकडील वाट अडल्यावर रशियाची दृष्टी पूर्वेकडे वळली. १८६० मध्ये प्रशांत महासागराच्या तीरावर व्लादिवोस्तोकची स्थापना झाली. या नावाचा अर्थ ‘पूर्वेचा स्वामी’ असा. पण हा स्वामीही हिवाळ्यात बर्फात अडके. १८९५ च्या शिमोनोसेकीच्या तहाने पराभूत चीनकडून जपानने लिआओतुंग द्वीपकल्प मिळवले. त्याच्या टोकावर पोर्ट आर्थर हे बर्फमुक्त बंदर होते. रशियाने जर्मनी आणि फ्रान्सला बरोबर घेऊन जपानला ते परत करावयास लावले आणि तीनच वर्षांनी, १८९८ मध्ये, तेच बंदर चीनकडून २५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने स्वतःकडे घेतले. जपानच्या मनात हा अपमान खोल रुतून बसला.

१९०२ मध्ये ब्रिटन आणि जपान यांची मैत्री झाली. ८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्री जपानी आरमाराने पोर्ट आर्थरवर अचानक हल्ला चढवला. बंदराच्या मदतीसाठी बाल्टिकमधून निघालेला रशियन आरमारी ताफा सुमारे सात महिने प्रवास करत राहिला. त्याची मुख्य तुकडी आफ्रिकेला वळसा घालून गेली. ब्रिटिश बंदरांत त्याला कोळसा मिळत नव्हता. ताफा मादागास्करच्या परिसरात असतानाच, जानेवारी १९०५ मध्ये पोर्ट आर्थर पडले. ज्या बंदरासाठी तो निघाला होता, ते बंदरच उरले नाही. अखेर मे महिन्यात त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत तो ताफा जवळजवळ नष्ट झाला. पोर्ट्समथच्या तहाने पोर्ट आर्थरचा भाडेपट्टा जपानकडे गेला.

एका आशियाई राष्ट्राने युरोपीय महासत्तेला नमवल्याचा आनंद वंगभंगाच्या त्या वर्षी भारतभर उमटला. या विजयांनी आपण किशोरवयात भारावून गेल्याचे पंडित नेहरूंनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. तो आनंद स्वाभाविक होता. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तेथेच थांबू नये. हे युद्ध मुख्यतः लढले गेले ते मांचुरियात, म्हणजे चीनच्या भूमीवर. आणि चीन त्या युद्धात तटस्थ होता! शेते तुडवली गेली ती तिऱ्हाईत शेतकऱ्यांची. पोर्ट्समथच्या वाटाघाटींत चीनला स्थान नव्हते, कोरियालाही नव्हते. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला.

आणखी एक गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. रशियाच्या स्वतःच्या उत्तर किनाऱ्यावर, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे, कोला द्वीपकल्पात एक खाडी बारमाही खुली राहते. कारण अटलांटिकमधून येणारा उष्ण प्रवाह तिला गोठू देत नाही. तेथवर लोहमार्ग नव्हता, म्हणून ती दीर्घकाळ उपेक्षित राहिली. पहिल्या महायुद्धात सामुद्रधुन्या बंद झाल्यावर घाईघाईने लोहमार्ग टाकला गेला आणि १९१६ मध्ये मुर्मान्स्क वसले. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांची रसद याच वाटेने आली. पोर्ट आर्थर मात्र १९४५ मध्ये पुन्हा सोव्हिएत सैन्याच्या हाती आले आणि १९५५ मध्ये त्याच्या खऱ्या मालकाकडे, चीनकडे, परत गेले.

बंदराचे मोल केवळ त्याच्या पाण्याच्या उबेवर ठरत नाही. त्यामागचा मुलूख, तेथवर जाणारी वाट आणि शेजाऱ्यांशी असलेले नाते यांवर ते ठरते. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज देशोदेशी आहेत. सामुद्रधुन्या, आरमारी तळ आणि भाडेपट्टे यांच्या बातम्या आपण सारेच वाचतो. अशी बातमी वाचताना नकाशा उघडावा, आणि कोणत्या सत्तेला काय मिळाले हे पाहून झाल्यावर, तो किनारा मुळात कोणाचा आहे आणि त्या करारात त्या लोकांची सही आहे का, हेही विचारावे.