मुंबईच्या गोदींतील अग्निप्रलय व त्याचा बोध

ता. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजास आग लागली. त्यांत कापूस व सुमारें १,४०० टन स्फोटकें एकत्र भरलेलीं होतीं. परंतु धोक्याचें तांबडें निशाण चढविलेलें नव्हतें. दुपारीं चारच्या सुमारास स्फोट झाला. जळता कापूस उडून आसपासच्या वस्तीवर पडला व घरें पेटलीं. अग्निशामक दलाचे ६६ जवान कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळून नागरिकांस आगीपासून बचावाचें शिक्षण देण्यांत येतें. आमच्या मतें या शिक्षणाचा पहिला पाठ त्या न चढविलेल्या निशाणांतच आहे. आपल्या घरांतील ज्वालाग्राही वस्तु व बाहेर पडण्याच्या वाटा शेजाऱ्यांस आधींच ठाऊक असाव्या. कारण बंब येईपर्यंत धांवून येणारे तेच होत.