पाखर, सरंजाम आणि जू

1470च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. दख्खनमध्ये उमदी घोडी निपजत नसत. ती इराण-अरबस्तानातून गलबतांनी येत, म्हणून त्यांना मोठे मोल होते. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन, असे बजावले. खुरासानच्या एका खोजाने रदबदली केली तेव्हा घोडा सुटला. पुढे निकितिनने तो बहामनींच्या राजधानीत, बीदरला विकला.

बीदरजवळच्या आळंदच्या उरुसात वीस हजार घोडी विकायला येतात, असे निकितिन लिहितो. बीदरच्या सुलतानाची स्वारीही त्याने पाहिली: पोलादी पाखरा घातलेले हत्ती, सुळ्यांना बांधलेल्या तलवारी आणि पाठीवरच्या बुरुजांत चिलखती शिपाई.

हा सगळा साज इंग्रजीत ‘हार्नेस’ या एकाच शब्दात मावतो. फ्रेंचमधून आलेला हा शब्द आधी चिलखतासह साऱ्या युद्धसामग्रीला लावत. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्येही तो चिलखतासाठीच येतो. त्याचे मूळ बहुधा जुन्या नॉर्स भाषेत, सैन्याची शिधासामग्री या अर्थाचे. पुढे तो घोड्याच्या साजाला चिकटला. आता मोटारीतल्या तारांच्या जुडग्याला आणि सॉफ्टवेअर तपासण्याच्या चौकटीलाही हार्नेसच म्हणतात.

मराठीने मात्र प्रत्येक वस्तूचे नाव वेगळे राखले. जीन, लगाम, रिकीब, जिरेबख्तर ही फारसी राजवटींची देणगी. पाखर त्याहून जुनी. युद्धसामग्रीसाठी ‘सरंजाम’ होताच, पण त्याने निराळी वाट धरली. फौज बाळगण्यासाठी सरदाराला लावून दिलेल्या मुलखालाच मराठेशाहीत सरंजाम म्हणू लागले आणि पुढे त्यातूनच सरंजामशाही हा शब्द घडला. सामानाच्या नावावरून एका समाजव्यवस्थेचे नाव पडावे, हे घोडदळावर उभ्या राहिलेल्या या मुलखाला साजेसेच आहे.

घोडदळे गेली, बैल राहिले. जू, शिवळा, जुंपणी, वेसण, म्होरकी, कासरा, झूल हा झाला शेतातला साज. ट्रॅक्टर आल्यापासून तोही अडगळीत पडू लागला आहे. बहामनी दरबाराची नोंद एका परदेशी व्यापाऱ्याने तरी करून ठेवली. शेतकऱ्याच्या दावणीची कोण करणार? या मुलखातल्या शाळांनी हे काम अंगावर घ्यावे. गावातल्या म्हाताऱ्यांकडून ही नावे, वस्तूंच्या चित्रांसह, आत्ताच उतरवून घ्यावीत.