पट्टेरी बास व त्याचे कायदे

इ. स. १६३९ मध्यें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या सभेनें एक छोटासा कायदा केला. कॉड आणि बास हे दोन मासे कोणीहि शेतांत खत म्हणून घालूं नयेत, एवढाच त्याचा आशय. मक्याच्या खड्ड्यांत मासे पुरण्याची रीत त्या वसाहतींत पडून गेली होती. आणि मासे तर इतके कीं, जॉन स्मिथ या दर्यावर्द्यानें त्यांच्या पाठीवरून कोरड्या पायांनीं पलीकडे जातां येईल असें लिहून ठेवलें होतें. अशा विपुलतेच्या काळांत, खाण्याजोगा मासा मातींत घालणें ही नासाडी होय, असें म्हणणारीं माणसें निघालीं हेंच विशेष. पुढें १६७० मध्यें शेजारच्या प्लिमथ वसाहतीनें केप कॉड येथील बास, मॅकरेल व हेरिंग यांच्या मासेमारीचें उत्पन्न एका मोफत शाळेकडे लावून दिलें. शाळेच्या खर्चाची तरतूद करण्याचे नाना मार्ग जगांत निघाले आहेत, पण समुद्राच्या भरतीवर शाळा चालविण्याचा हा मार्ग विरळाच!

ज्या माशासाठीं हा खटाटोप झाला तो पट्टेरी बास. रुपेरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळसर रेघा, बांधा दणकट, आणि आयुष्य तीस वर्षांपर्यंतचें. पश्चिम किनाऱ्यावरचा पाला जसा समुद्रांतून नदींत चढतो, तसाच हाहि वसंतऋतूंत खाऱ्या पाण्यांतून गोड्या पाण्याकडे चढतो, तेथें अंडीं घालतो आणि परत फिरतो. अंडीं प्रवाहाबरोबर तरंगत राहिलीं तरच जगतात. तळाला बसलीं कीं गुदमरून मरतात. थंड हिवाळा व भरपूर पाण्याचा वसंत लाभला तर पैदास उदंड होते, नाहीं तर वर्ष वायां जातें. या जातीचें मोठें माहेरघर म्हणजे मेरीलंड व व्हर्जिनिया या राज्यांमधील चेसापीक उपसागर. तेथें जन्मलेल्या कित्येक माद्या मोठ्या झाल्यावर उत्तरेस मेन राज्याच्या किनाऱ्यापर्यंत जातात. म्हणजे एकाच माशाला जन्मभरांत अनेक राज्यांच्या हद्दी ओलांडाव्या लागतात, आणि कायदा मात्र हद्दीपाशीं थबकतो. या एका विसंगतीनें पुढें फार घोटाळा केला.

पोटासाठीं मासे धरणाऱ्यांबरोबरच केवळ हौसेखातर गळ टाकणारे लोक या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकांत आले. न्यूयॉर्कच्या धनिकांनीं १८६४ मध्यें मॅसॅच्युसेट्सच्या दक्षिणेकडील कटीहंक बेटावर बास-मासेमारीचा क्लब स्थापन केला. समुद्रांत घुसलेल्या खडकांवर लांकडी मचाणें बांधलीं होतीं. कोणतें मचाण कोणास मिळावें हें चिठ्ठ्या टाकून ठरे. आणि मासे जवळ यावेत म्हणून पाण्यांत चारा टाकण्याकरितां पगारी माणसें असत. क्लबाचे नियम मोठे काटेकोर. पण बारकाईनें पाहिलें तर ते सर्व सभासदांनीं एकमेकांशीं कसें वागावें याविषयींचे होते. माशाशीं कसें वागावें, याचा विचार त्यांत अभावानेंच दिसतो. शतक संपतां संपतां बास दिसेनासे झाले आणि असे क्लबहि ओस पडले. तरी १९१३ मध्यें चार्ल्स चर्च या गृहस्थानें कटीहंकजवळ ७३ पौंड वजनाचा बास काढला व तो विक्रम पुष्कळ वर्षें अबाधित राहिला. एवढा मोठा बास म्हणजे जवळजवळ नेहमींच मादी असते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हौशी मच्छीमार ज्याचें चित्र भिंतीवर लावतो, तें या जातीचें आईपण होय.

याच सुमारास एक नवल घडलें. १८७९ मध्यें न्यू जर्सींतील नेव्हसिंक नदीचीं सव्वाशेंच्या वर लहान पिलें आगगाडीनें खंड ओलांडून कॅलिफोर्नियांत नेण्यांत आलीं व सॅन फ्रान्सिस्को उपसागराजवळच्या पाण्यांत सोडलीं. तीन वर्षांनीं आणखी कांहीं शें पिलें गेलीं. एवढ्याशा बीजापासून वीस वर्षांत लक्षावधि पौंड मासा बाजारांत येऊं लागला! तेथील सरकारनें १९३५ मध्यें या माशाचा व्यापार सर्वस्वीं बंद केला आणि तो केवळ गळ टाकणाऱ्यांसाठीं राखून ठेवला. जाळें गेलें म्हणजे मासा वांचला, अशी हौशी मंडळींची समजूत तेव्हांपासून दृढ झाली. ती अर्धीच खरी होती.

पूर्व किनाऱ्यावर १९७३ मध्यें व्यापारी मच्छीमारांनीं सुमारें दीड कोटी पौंड पट्टेरी बास धरला. दहा वर्षांत हा आंकडा चौथाईच्याहि खालीं उतरला. मग परस्परांवर दोषारोप सुरू झाले. जाळेंवाले म्हणत, नद्यांत कारखान्यांची घाण सोडली जाते. गळवाले म्हणत, सारा दोष जाळ्यांचा. उत्तरेकडील राज्यें म्हणत, चेसापीकमध्यें बारा इंचांचीं पोरें धरूं देतां, मग मोठे मासे यावेत कोठून. आणि मेरीलंडचे लोक विचारीत कीं, आम्ही वाढविलेल्या माद्या तुम्हीच मारतां त्याचें काय? प्रत्येकाच्या म्हणण्यांत तथ्य होतें, म्हणूनच कोणी मागें सरेना. राज्यांचें सागरी मत्स्य-मंडळ १९४२ पासून अस्तित्वांत होतें, पण त्याचा शब्द म्हणजे सल्ला. तो मानलाच पाहिजे असें बंधन नव्हतें. अखेर १९८४ मध्यें अमेरिकन काँग्रेसनें कायदा केला कीं, जें राज्य मंडळाची योजना पाळणार नाहीं, त्याच्या पाण्यांत या माशाची मासेमारी मध्यवर्ती सरकार बंद पाडील. सल्ल्याला दांत फुटले.

योजनेचा गाभा फार साधा होता, आणि म्हणूनच तो सुंदर म्हटला पाहिजे. १९८२ सालची पैदास त्यांतल्या त्यांत बरी झाली होती. बासची मादी चार वर्षांच्या आधीं सहसा अंडीं घालीत नाहीं. सगळ्या माद्या वयांत येण्यास सात-आठ वर्षें लागतात. तेव्हां या एका सालच्या माद्यांपैकीं शेंकडा ९५ माद्यांना निदान एकदां तरी अंडीं घालावयास मिळालींच पाहिजेत, असें ठरलें. त्या वाढतील तशी धरावयाच्या माशाची किमान लांबी वाढवीत न्यावयाची, म्हणजे त्या सदैव नियमाच्या खालीं राहतील. ही मर्यादा सरतेशेवटीं ३८ इंचांपर्यंत जाऊन पोहोंचली. कायदा एखाद्या माशाच्या वयाबरोबर पावलें टाकीत गेला, असें उदाहरण दुसरें सांपडणें कठीण.

मेरीलंडनें तर १ जानेवारी १९८५ पासून संपूर्ण बंदीच केली. १९६५ पासून जो या राज्याचा मानचिन्ह-मासा, ज्याला तेथें रॉकफिश म्हणतात, तोच धरणें गुन्हा ठरला. खाडीवरच्या पिढीजात कोळ्यांच्या घरांत याचा अर्थ काय झाला असेल, हें निराळें सांगावयास नको. हौशी माणसाचा एक छंद गेला; कोळ्याचा हंगाम गेला. दोघांना एकच नियम लावला म्हणजे दोघांना सारखाच भार पडतो, असें नव्हे. डेलावेअरनें मेरीलंडचें अनुकरण केलें; व्हर्जिनियानें १९८९ मध्यें. उत्तरेकडे हडसन नदींत बासचा व्यापार १९७६ पासूनच बंद होता, पण तो दयेमुळें नव्हे, तर पीसीबी नांवाच्या विषारी रसायनानें मासा खाण्यास अयोग्य झाला म्हणून! माणसाच्या दुष्कर्मानेंहि कधीं कधीं मासा वांचतो तो असा.

बंदी उठवावयाची केव्हां? यासाठींहि एक माप होतें. १९५४ पासून दर उन्हाळ्यांत मेरीलंडचे अधिकारी ठराविक जागीं शंभर फुटांचें जाळें किनाऱ्याला ओढून त्या सालचीं पिलें मोजीत आले आहेत. तीन वर्षांची सरासरी ८ वर गेली म्हणजे मासेमारी थोडी मोकळी करावयाची, असा संकेत ठरला. १९८९ च्या मोजणींत एकदम २५ च्या वर पिलें आलीं, सरासरी उसळली, आणि १९९० मध्यें मर्यादित हंगाम सुरू झाला. १९९५ मध्यें चेसापीकचा बास पूर्ववत् झाल्याचें जाहीर करण्यांत आलें.

कथा येथें संपती तर ती पाठ्यपुस्तकांत घालण्यासारखी होती. परंतु पुढील पंचवीस वर्षांत चित्र पालटलें. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे बास धरण्यास १९९० पासून मनाई आहे, व २००७ मध्यें राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (धाकटे) यांच्या आदेशानें त्या पाण्यांतील बासच्या विक्रीवरील मनाई अधिक पक्की झाली. व्यापाऱ्याला ठरलेला कोटा मिळे. गळवाल्यांच्या संख्येला मात्र कोटा नव्हता. एका माणसानें एक-दोन मासे नेले तर समुद्राला काय त्याचें, असा प्रत्येकाचा हिशेब. आणि अशा लक्षावधि निरुपद्रवी माणसांनीं मिळून व्यापाऱ्यांच्या कितीतरी पट मासे समुद्रांतून काढले. २०१५ मध्यें किनाऱ्यावर दररोज दोनाऐवजीं एकच मासा, असा निर्बंध आला. तोहि पुरला नाहीं. २०१९ मध्यें साठा पुन्हां खालावल्याचें मान्य करावें लागलें. आणि २०२० मध्यें जुनी समजूत उलटी झाली: आजवर लहान मासा सोडा, मोठा न्या, असा नियम होता, आतां २८ इंचांहून लहान आणि ३५ इंचांहून मोठा, दोन्ही सोडून द्या, असें ठरलें. कारण उघड आहे. मोठी मादी लहान मादीच्या कित्येक पट अंडीं घालते.

सोडून देणें हेंहि वाटतें तितकें निष्पाप नाहीं. गळ पोटांत रुतलेला, हातांत झगडून दमलेला मासा पाण्यांत परत टाकला म्हणून जगतोच असें नव्हे. शेंकडा ९ मरतात असें गणितासाठीं धरलें जातें. २०२० सालीं सोडल्यानंतर मेलेले बास घरीं नेलेल्या बासांहून संख्येनें अधिक भरले. म्हणून २०२१ पासून आमिष लावून मासे धरतांना वर्तुळाकार गळच वापरावा लागतो. त्याचें टोंक आंत वळलेलें असल्यामुळें तो घशांत न अडकतां ओठाच्या कोपऱ्यांत बसतो. दोन वर्षांनीं, २०१५ सालची मोठी पिढी नेमकी मर्यादेंत आलेली व हौशी मासेमारी जवळजवळ दुप्पट झालेली पाहून मंडळानें तांतडीनें वरची मर्यादा ३१ इंचांवर आणली. तीन इंचांच्या त्या पट्ट्यांत बसणारा एक मासा, एवढाच समुद्रकांठच्या गळवाल्याचा वाटा उरला. चेसापीकमध्यें तो १९ ते २४ इंचांचा. साठा २०२९ पर्यंत पुन्हां भरून काढावयाचा, असें मंडळानें ठरविलें आहे.

इकडे मेरीलंडच्या किनाऱ्यावरची मोजणी चालूच राहिली. २०१९ पासून पुढें ओळीनें अनेक वर्षें जाळ्यांत पिलें थोडींच आलीं. त्यांतील कांहीं वर्षीं तर दोन-तीन पिलांवर आंकडा थांबला. हिवाळे उबदार झाले आहेत, वसंतांतील पाणी कमी पडतें, आणि ३१ इंचांचा नियम प्रवाहाला गार करूं शकत नाहीं. उन्हाळा आला कीं ते अधिकारी शंभर फुटांचें जाळें घेऊन त्याच जागीं उतरतात, जाळें ओढतात आणि वाळूवर बसून पट्टे असलेलीं बोटभर पिलें मोजतात.