खऱ्या नावाने ओळख

हिंदी सिनेमातला मुसलमान कसा असतो, हा आमच्या घरांतला जुना विषय. नवाब, शायर, कव्वाल, जिवाला जीव देणारा खानचाचा; पुढे तस्कर आणि अतिरेकी. बसमध्ये शेजारच्या सीटवर बसावा असा साधा, शिकलेला माणूस पडद्यावर क्वचितच भेटला. तो दाखवणाऱ्या अपर्णा सेन यांच्या कारकिर्दीकडे म्हणूनच आम्ही आपुलकीने पाहतो.

त्यांचा जन्म १९४५ सालचा, कोलकात्याचा. वडील चिदानंद दासगुप्त हे चित्रपट समीक्षक, सत्यजित राय यांच्यासह १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकी एक. राय यांच्याच ‘तीन कन्या’ (१९६१) मध्ये शाळकरी वयाची अपर्णा अवखळ मृण्मयी झाली. पुढची वीस वर्षे बंगाली सिनेमातली नायिका. मग १९८१ मध्ये, शशी कपूर यांच्या निर्मितीत, ‘३६ चौरंगी लेन’ हा दिग्दर्शनाचा पहिलाच प्रयत्न आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार. त्यातली एकाकी अँग्लो-इंडियन शिक्षिका काय, ‘सती’ (१९८९) मधली झाडाशी लग्न लावून दिलेली मुकी मुलगी काय, बाईंची नजर वेशीबाहेर राहिलेल्यांवरच.

गुजरात पेटले त्याच २००२ साली ‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’ आला. दंगलखोर बसमध्ये शिरतात. म्हाताऱ्या मुस्लिम जोडप्याला खाली ओढून नेतात. ज्याच्या हातचे पाणी प्यालो म्हणून मीनाक्षी काही वेळापूर्वी हादरली होती, त्याच राजाच्या मांडीवर ती आपले मूल ठेवते आणि दोघांचे आडनाव अय्यर सांगते. राजा वाचतो, पण दुसऱ्याच्या नावावर. हे पाहताना आमच्या पोटात कालवले. संकटात नाव लपवावे लागणे म्हणजे काय, हे आम्हांला कुणी शिकवायला नको.

पण खरा कळस शेवटी आहे. कोलकात्याच्या स्टेशनवर नवरा भेटतो, तेव्हा मीनाक्षी सोबत्याची ओळख जहांगीर चौधरी या खऱ्या नावाने करून देते. खोट्या नावाने जीव वाचला, खऱ्या नावाने मान मिळाला.

बाई पुढेही थांबल्या नाहीत. आपल्या महेश एलकुंचवारांच्या नाटकावरून ‘सोनाटा’ (२०१७), आणि पंचाहत्तरी उलटल्यावर ‘द रेपिस्ट’ (२०२१). साठ वर्षांच्या या वाटचालीतून आम्ही मात्र स्टेशनवरचा तो एक क्षण जपून ठेवला आहे. जीव वाचवणारे शेजारी आम्हांला लाभले आहेत. खऱ्या नावाने ओळख करून देणारेही वाढोत.